हाडीवरची एस्तेर

एस्तेर, तुला तुझ्या योसेफच्या शेजारी माती देऊन मी काल बेंगळूरला परतले. तुझी लेक निम्मी अजून तिथेच आहे. आठवडाभर राहते म्हणाली. घरात अण्णा आहेत, पण ते माझ्याशी बोलायचं टाळतायत. तुझं नाव निघालं की त्यांचा आवाज बसतो आणि थोरल्या भावाचा आवाज बसलेला धाकट्या बहिणीने ऐकावा, हे त्यांना पसंत नाही. म्हणून म्हटलं, तुझ्याशीच बोलावं.

तुला घेऊन निघायच्या आधी इथल्या चर्चमध्ये प्रार्थना झाली. पाद्री चांगलं बोलले. त्याग हा शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरला की मला शेजारी बसलेल्या निम्मीचा हात दाबावा लागला, कारण तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. तुला कुठला गं त्याग जमत होता? जे हवं ते तू घट्ट धरून बसायचीस. सकाळचा दुसरा कप चहा, शेंगदाण्याची चटणी, वादातला शेवटचा शब्द आणि जंगलातली ती हाडी. यातलं काहीएक तू कधी सोडलं नाहीस.

तू पहिल्यांदा आमच्याकडे आलीस ती कन्नड शिकायला. मी तेव्हाही बसवनगुडीत मुलींच्या शाळेत शिकवत होते. शाळेतल्या एका ख्रिस्ती बाईंनी सांगितलं की नगरकडचं एक जोडपं आलंय, नवरा प्रचारक आणि बायको मिरजेला नर्सिंग शिकलेली. म्हैसूरच्या पलीकडे जंगलात, जेनू कुरुब आदिवासींमध्ये राहायला जाणार आहेत. मराठीतून कन्नड शिकवणारं कुणी हवंय. मी अण्णांना विचारलं. नवरा गेल्यापासून मी त्यांच्याकडेच राहत होते, वहिनीही वारल्या होत्या, घरात आम्ही दोघंच. अण्णांनी होकार दिला, "सरी, येऊ देत. पण ओसरीवरच बसवा."

तुम्ही आलात. योसेफ उंच, ताठ, बुटांच्या नाड्यासुद्धा सारख्या बांधणारा. तू कडेवर दोन वर्षांची निम्मी घेऊन. मी म्हटलं, "स्वल्प बसा, अण्णा येतायत," आणि तू योसेफकडे बघून हळूच म्हणालीस, "आधी यांची मराठी शिकावी लागणार." आमचं घराणं तीनशे वर्षं इकडे. तोवर आमच्या मराठीला मराठीच माणसाने हसावं, असं कुणी केलं नव्हतं. मला राग आला आणि तू आवडलीस, दोन्ही एकदम.

अण्णांनी तुमच्यासाठी दोन पितळी पेले ओसरीवर वेगळे ठेवले होते. तुला ते पहिल्याच दिवशी कळलं. दोन दिवस तू काही बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी अण्णांना अगदी साधेपणाने विचारलंस, "हे पेले आमचेच ना? मग त्यांच्यावर नावं घालून घेऊ या का?" अण्णा कानापर्यंत लाल झाले. त्या दिवशी ते पेले आत गेले आणि घरातल्या बाकीच्या पेल्यांत मिसळले. पुढच्या आठवड्यात तूही आत आलीस.

आपला वादही तेव्हापासूनचा. मी विचारलं होतं, "तुम्ही तिथे औषध द्यायला जाताय की धर्म द्यायला?" योसेफने मला अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांचं झाल्यावर तू म्हणालीस, "दोन्ही." मी म्हटलं, आजारी माणसाला औषधाबरोबर दुसरं काही देऊ नये, त्याला नाही म्हणता येत नाही. तू म्हणालीस, "मग मी त्यांना नाही म्हणायला शिकवीन." मला वाटलं, बोलण्यात हुशार आहे.

मग तुम्ही गेलात. वर्षाने तू औषधं न्यायला आलीस तेव्हा काळी पडली होतीस, हडकली होतीस आणि पायरीवरूनच सांगत आलीस, "अक्का, तुझ्या कन्नडला हाडीत हसतात. मी 'दयमाडि नीरु कोडि' म्हणून पाणी मागितलं, तर बायका मागे वळून बघायला लागल्या, ही एवढ्या अदबीने कोणाशी बोलतेय म्हणून." हाडी म्हणजे त्या लोकांची वस्ती. झाडाखाली दहा-बारा झोपड्या, मध काढून आणि कंद खणून जगणारी माणसं. त्यांची बोली तू त्यांच्यात बसूनच शिकलीस. माझ्या व्याकरणाचा तुला एवढाच उपयोग झाला की कुठे चुकतंय ते कळायचं.

निम्मी सहा वर्षांची झाली तेव्हा तिच्या शाळेचा प्रश्न आला. मिशनच्या मुलांसाठी बेंगळूरला वसतिगृह होतं. योसेफला तेच योग्य वाटत होतं. तू अण्णांसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "अण्णा, मला ती घरात वाढायला हवी आहे. तुमच्या घरात." त्यावर आमच्या गल्लीत काय काय बोलणं झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही, आताही सांगत नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "पोर जेवायच्या आधी प्रार्थना म्हणेल, मी चित्राहुती घालीन. भात तोच." बारा वर्षं ती तशीच जेवली. दोघांपैकी आधी कोणाचं आटपतं यावर त्यांची शर्यत लागायची.

मी तुला ज्या रूपात सगळ्यांना दाखवू इच्छिते त्या रूपात तू मला देवीच्या साथीत दिसलीस. निम्मी अकरा वर्षांची होती. उन्हाळ्याच्या सुटीत मी तिला पोचवायला आले होते. म्हैसूरहून हेग्गडदेवनकोटेपर्यंत बस आणि पुढे बैलगाडी. पोचलो तेव्हा तू दारात नव्हतीस. पलीकडच्या हाडीत देवी आल्या होत्या, दोन मुलं गेली होती. सरकारी दवाखान्यातून तू लस आणली होतीस, पण तुझ्या हाडीत टोचून घ्यायला कुणी तयार नव्हतं. बायांनी बोचकी बांधली होती. सगळे आत, गर्द रानात पळायच्या बेतात होते, आणि तिथे गेले की रोगही त्यांच्याबरोबर जाणार, हे तुला दिसत होतं.

हाडीत केंपीचा शब्द चालायचा. पन्नाशीची, काटक, दंडावर गोंदलेली. तिने तुला तोंडावर सांगितलं, ही अम्मा आहे, ती पाहुणी म्हणून येते. तिला सुया टोचून हाकलाल तर ती उलटेल.

योसेफ पुढे झाले. रोग हा रोग असतो, दगडात देव नसतो, असं ते समजावू लागले. त्यांचा आवाज चढत गेला तशी माणसं मागे सरकत गेली. तू त्यांच्या बाहीला हात लावून त्यांना थांबवलंस. मग केंपीच्या पुढ्यात जमिनीवर बसलीस आणि विचारलंस, "अम्मा उलटू नये म्हणून काय करायला लागेल?"

केंपी म्हणाली, "तिला आधी सांगायला लागेल. विचारल्याशिवाय घरातलं काही करत नाहीत."

"मग सांग ना तिला. मी येते बरोबर."

झाडाखालच्या त्या शेंदरी दगडापाशी सगळी हाडी जमली. केंपी अम्माशी बोलली. पोरं आमची आहेत, ही बाई आमची आहे, तुझा राग धरू नकोस, असं काहीसं. तू डोक्यावरून पदर घेऊन तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होतीस. तू हात जोडले नाहीस, मी नीट बघत होते. पण तू मान ताठही ठेवली नाहीस. योसेफ लांब, झोपडीच्या दाराशी पाठ करून उभे होते.

नंतर तू सगळ्यांसमोर स्वतःच्या दंडावर टोचून घेतलंस. तरी कुणी पुढे येईना. तेव्हा निम्मी उठली. तिला बेंगळूरला शाळेत आधीच टोचलेलं होतं, तुलाही ते माहीत होतं. ती बाही वर करून तुझ्यापुढे उभी राहिली. तुझा हात क्षणभर अडला. मग तू तिला टोचलंस. ओठ घट्ट मिटून ती केंपीकडे बघत राहिली, आणि केंपीने आपला नातू पुढे केला. संध्याकाळपर्यंत हाडीत टोचून घ्यायचं कुणी उरलं नाही. त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या वस्त्या रडल्या. तुझ्या हाडीत एकही माणूस गेला नाही.

जेवताना योसेफ म्हणाले, "एस्तेर, तू त्या दगडापुढे उभी राहिलीस."

तू म्हणालीस, "मी केंपीच्या शेजारी उभी राहिले."

"देवाला तो फरक कळेल. कमिटीला कळणार नाही."

"मला देवाचीच काळजी आहे."

योसेफ सरळ माणूस. पावसाळ्यापूर्वी ते बेंगळूरला कमिटीच्या बैठकीला आले तेव्हा घडलं ते त्यांनी जसंच्या तसं सांगून टाकलं. लपवणं त्यांना येतच नव्हतं. परत जाताना आमच्या ओसरीवर बसून मला म्हणाले, "अक्का, मी तिच्याशी सहमत नाही. पण माझ्या उपदेशाने त्या दिवशी एकही पोर वाचलं नसतं. हे दोन्ही मी बैठकीत सांगितलं." त्यांचा मला अभिमान वाटला. तेवढं त्यांना सांगायचं राहिलं. त्याच पावसाळ्यात मलेरियाचा ताप त्यांच्या डोक्यात गेला आणि गाडी जोडेपर्यंत सगळं संपलं. स्वतः खणलेल्या विहिरीच्या वरच्या अंगाला त्यांना पुरलं.

कमिटीने तुला बोलावून घेतलं. छावणीकडच्या त्या बंगल्यात मी तुझ्याबरोबर आले होते. निम्मीही होती. मला आणि तिला बाहेरच्या बाकावर बसवलं, पण खिडक्या उघड्या होत्या. अध्यक्ष वयस्कर होते, दुष्ट नव्हते. आधी योसेफसाठी प्रार्थना केली. मग म्हणाले, बाईमाणसाने एकटीने जंगलात राहणं बरोबर नाही. इथल्या मुलींच्या वसतिगृहात तुमची जागा ठरवली आहे. मुलगी जवळ राहील.

मी निम्मीचा हात धरला होता. खरं सांगू, एस्तेर, मला ती जागा तू घ्यावीस असं वाटत होतं. तू बेंगळूरला असशील, रविवारी घरी येशील, आपण भांडू. मला दुसरी मैत्रीण नव्हती.

तू विचारलंस, "आणि हाडीचं काय?"

अध्यक्षांनी घसा साफ केला. म्हणाले, "इतकी वर्षं झाली. तिथे बाप्तिस्मा किती जणांनी घेतला?"

"एकानेही नाही."

"आणि देवीपुढे पूजा झाली, तुम्ही हजर होतात."

"होते. त्या दिवशी टोचलेली सगळी मुलं आज जिवंत आहेत. तीही मी त्याच देवाच्या नावाने टोचली, ज्याच्या नावाने तुम्ही आत्ता प्रार्थना केलीत. तुम्हाला येऊन बघता येईल."

 मग अध्यक्ष म्हणाले की मिशनला असं काम आपलं म्हणता येणार नाही. तू म्हणालीस, "मला थोडा वेळ द्या," आणि बाहेर आलीस.

तू बाकावर आमच्यामध्ये बसलीस.  तू निम्मीला काही समजावलं नाहीस. सरळ विचारलंस, "काय करू?"

निम्मी अकरा वर्षांची. बापाला जाऊन दोन महिने झालेले. तिने बुटाच्या टोकाने जमीन उकरली आणि म्हणाली, "आई, मला इथे अक्का आहे, अण्णा आहेत. तिथे तू नसलीस तर कोण आहे?"

तू तिला जवळ घेतलंस. मग उठून आत गेलीस आणि उभ्याउभ्याच सांगितलंस, "मी परत जाते आहे. तुमचं नाव लावणार नाही." बाहेर आल्यावर तू रस्त्यावर रडलीस. येणारे-जाणारे बघत होते. मी तुला रडू दिलं. त्या दिवसाइतका अभिमान मला आयुष्यात दुसऱ्या कुणाचा वाटला नाही, स्वतःचा तर नाहीच.

पुढे तुला सरकारी दाईचं काम मिळालं आणि आसपासच्या सगळ्या हाड्या तुझ्याकडे आल्या. लोक नंतर आदराने बोलू लागले. पण मला तो परतीच्या बसमध्ये चढतानाचा तुझा चेहरा आठवतो. तू खिडकीतून मला म्हणालीस, "अक्का, तू कधी कुणाला नाही म्हटलंयस का?" बस सुटली. उत्तर द्यायचं राहिलं. मी विधवा झाले तेव्हा वीस वर्षांची होते. कुठे राहायचं, काय नेसायचं, कुठे जायचं, सगळं दुसऱ्यांनी ठरवलं आणि मी सरी म्हटलं. पुढच्या मे महिन्यात मी अण्णांना सांगितलं की मी एकटी हाडीला जाते. दर वर्षी जाणार आहे. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "बसचं तिकीट आधी काढून ठेवलेलं बरं." ते उन्हाळे तू मला दिलेस. मी बायांना अक्षरं शिकवली, तू मला बाळंतपणात पाणी उकळायला लावलंस. पहिल्यांदा एक बाळ माझ्या हातात आलं तेव्हा मी घाबरून तुझ्याकडे दिलं, आणि तू ते परत माझ्याच हातात ठेवलंस.

वाद आपला तसाच राहिला. गेल्या महिन्यात इथल्या दवाखान्यात, पोटातली गाठ आता काढता येणार नाही हे कळल्यावर, मी तुला विचारलं, "इतक्या वर्षांत तुझ्या देवाकडे कुणी आलं नाही. वाईट वाटतं का?" मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. म्हणजे मी जिंकले असते.

तू म्हणालीस, "रोज वाटतं. मला जे सगळ्यांत प्रिय ते त्यांना द्यावंसं वाटणारच ना, अक्का. केंपी एकदा म्हणाली, तुझा देव चांगला आहे, पण आमच्याकडे आहे एक. मी काय करणार? नाही म्हणायला मीच शिकवलं."

मी म्हटलं, "मग त्याच्याशिवायच केलं असतंस तर? काम तेच झालं असतं."

तू उशीवरून मान वळवलीस. "माझ्याआधी तिथे दोन नर्स येऊन गेल्या होत्या. माझ्याहून हुशार होत्या. पहिल्या पावसाळ्यात निघून गेल्या. मी कशाच्या जोरावर राहिले, ते तू ठरव."

नर्स आली, तुला सुई दिली, तू झोपलीस. परत तसं बोलणं झालं नाही. माझं उत्तर आता ऐक. तू ज्याला देव म्हणायचीस त्याला मी अजूनही तुझा हट्टच म्हणते. पण त्या हट्टापुढे मी मान खाली घातली असती. तू शेजारी उभी राहा म्हणाली असतीस तर राहिले असते. हे तुला सांगायला हवं होतं. तुझ्या उशाशी बसून मी खिडकीतल्या गुलमोहराविषयी बोलत राहिले.

तू गेल्यावर कमिटीचे हल्लीचे अध्यक्ष घरी आले. तरुण आहेत, नम्र आहेत. म्हणाले, शहरातल्या दफनभूमीत तुझ्यासाठी मानाची जागा देतो. निम्मीने हात जोडून त्यांचे आभार मानले आणि सांगितलं, "आई घरी जाईल." तिच्या मेडिकल कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी जीप दिली. अण्णांना गुडघे वाकवता येत नाहीत, तरी पुढच्या सीटवर बसून आले.

हाडीला पोचलो तेव्हा वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. किती लांबून आली होती कुणास ठाऊक. तुझ्या हातून जन्मलेली पोरं आता बाप्ये झालीत. त्यांनी खड्डा खणून ठेवला होता. जीपमधून तुला त्यांनी उतरवलं, आम्हाला हात लावू दिला नाही. केंपीला आता दिसत नाही. नातवाने तिला आणलं. तिने चाचपत तुझा चेहरा शोधला, कपाळावरून हात फिरवला आणि चक्क रागावली. "मी थोरली. माझी पाळी आधी होती. हिला ऐकायचं कधी माहीतच नव्हतं." बाया रडता रडता हसल्या. निम्मीने मराठीत प्रार्थना म्हटली, मग त्यांच्या बोलीत सांगितली. तिला ती बोली माझ्या कन्नडपेक्षा छान येते. सगळे शेवटपर्यंत उभे होते. अण्णांनी टोपी काढली होती. अण्णांना मी टोपीशिवाय फक्त आंघोळीनंतर पाहिलंय.

आज सकाळी मी शाळेत गेले. नव्या मुख्याध्यापिका आहेत, त्यांना आपलं काही माहीत नाही. न सांगता सुटी घेतली म्हणून त्यांनी खोलीत बोलावलं. कोण वारलं, विचारलं.

मी म्हटलं, "धाकटी बहीण."

त्या जरा गोंधळल्या. "तुम्हाला बहीण होती? कधी ऐकलं नाही. काय करायच्या त्या?"

पहिल्या तासाची घंटा झाली. बाहेर मुली रांगेत उभ्या होत्या. मी मुख्याध्यापिकांच्या समोरची खुर्ची ओढली, बसले आणि म्हटलं, "तुम्हीही बसा. सांगते."